मानव विकास आणि कुटुंब अभ्यास: सोलापूरच्या विद्यार्थी-पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालक, किशोर, युवक आणि कुटुंब यांचा विद्यापीठीय पातळीवर अभ्यास करू इच्छिणाऱ्या सोलापूर शहर-जिल्ह्यातील विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या पालकांकडून दरवर्षी जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. प्रवेशाच्या तारखा, जागा आणि शुल्क दरवर्षी बदलतात. त्यांसाठी संबंधित संस्थेचे चालू वर्षाचे माहितीपत्रकच पाहावे.

या विषयात नेमका कशाचा अभ्यास होतो?

गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत माणसाचे शरीर, बुद्धी, भाषा, भावना आणि नाती कशी घडत जातात, आणि त्या घडण्यात कुटुंब, शाळा, वस्ती, रोजगार व कायदे यांचा वाटा किती असतो, याचा हा अभ्यास आहे. एवढ्या व्याख्येवर थांबले तर विषय पुस्तकी वाटतो, म्हणून आपल्या शहरातलेच उदाहरण घेऊ. पूर्व भागातील एका घरात आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, घरात तेलुगू बोलली जाते आणि चार वर्षांची मुलगी रोज सकाळी मराठीतून चालणाऱ्या अंगणवाडीत जाते. डॉक्टर तिचे वजन पाहतील, सेविका तिला किती गाणी येतात ते पाहील, कामगार अधिकारी आईची मजुरी पाहील. मानव विकासाचा विद्यार्थी मात्र या सगळ्यांची सांगड घालतो: रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो तेव्हा त्या एका खोलीत मुलगी खेळते कुठे, तंबाखूच्या धुळीचा तिच्या श्वसनावर काय परिणाम होतो, आईच्या हातांना उसंत नसताना मुलीशी बोलते कोण, आणि अंगणवाडीत ती गप्प बसते ते तिला उत्तर येत नाही म्हणून की प्रश्नच कळत नाही म्हणून. असे प्रश्न नीट विचारता येणे आणि त्यांची उत्तरे पुराव्याने शोधता येणे, हेच या शिक्षणाचे मुख्य फळ आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर हा विषय कोणत्या नावाने शोधावा?

‘मानव विकास’, ‘मानव विकास व कुटुंब अभ्यास’, ‘बालविकास’, ‘बाल्यावस्था अभ्यास’ अशी नावे आढळतात. पूर्वी बहुतेक ठिकाणी हा विभाग बालविकास या नावाने गृहविज्ञान शाखेत होता. पुढे किशोर, प्रौढ आणि वृद्ध यांचाही समावेश झाल्यावर नाव व्यापक झाले. शोधताना एक काळजी घ्यावी. राज्य शासनाचे मानव विकास अभियान किंवा व्यवस्थापन शाखेतील मनुष्यबळ विकास यांचा या अभ्यासक्रमाशी संबंध नाही, परंतु शोधयंत्र तिन्ही एकत्र दाखवते आणि काही विद्यार्थी चुकीच्या अभ्यासक्रमाचे अर्ज भरून बसतात.

गृहविज्ञान म्हणजे स्वयंपाक आणि शिवण, मग त्यासाठी पदवी कशाला, असे घरचे म्हणतात. त्यांना काय सांगावे?

त्यांना सांगावे की देशातील अंगणवाडी व्यवस्थेमागे जो विचार आहे, तो याच अभ्यासक्षेत्रातून आला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ यांनी ते पुढे कोसबाडला नेले, आणि मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, ही कल्पना तेथे प्रत्यक्षात आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार-आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण या सहा सेवा एकाच छपराखाली आणल्या गेल्या. मुलाचे पोट, शरीर आणि मन यांची काळजी तीन वेगळ्या खात्यांनी वेगवेगळी घेऊन भागत नाही, हे या योजनेने मान्य केले. ज्या शास्त्राने हे दाखवून दिले, त्याला स्वयंपाक-शिवणाच्या चौकटीत बसवणे अन्यायाचे आहे. (स्वयंपाक आणि शिवण हीदेखील कमी प्रतीची कामे नाहीत, हेही घरच्यांना सांगायला हरकत नाही.)

मुलग्यांनी हा विषय घ्यावा का?

अवश्य घ्यावा. बालगृहांतील मुलग्यांसोबत, किशोरवयीन मुलांसोबत आणि वडिलांसोबत काम करणाऱ्या प्रशिक्षित पुरुषांची मोठी उणीव आहे. मात्र एसएनडीटी हे महिला विद्यापीठ आणि दिल्लीचे लेडी आयर्विन हे महिला महाविद्यालय असल्याने, मुलग्यांनी परभणी व बडोदा येथील विद्यापीठे किंवा टाटा सामाजिक विज्ञान संस्था अशा पर्यायांपासून (त्यांची माहिती पुढे आहे) सुरुवात करावी.

मानसशास्त्र, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र यांपेक्षा हा विषय वेगळा कसा?

मानसशास्त्रात व्यक्तीच्या मनोव्यापारांवर भर असतो, समाजकार्यात अडचणीत सापडलेल्या व्यक्ती-गटांना मदत करण्याच्या पद्धतींवर, तर शिक्षणशास्त्रात अध्यापनावर. मानव विकास या तिन्हींतून घेतो, पण त्याचा कणा आहे वय आणि काळ. तीन वर्षांच्या मुलाने खेळणे हिसकावणे आणि तेरा वर्षांच्या मुलाने हिसकावणे या दोन गोष्टी वेगळ्या का, हे त्याला सांगता यावे लागते. शिवाय तो केवळ बिघाडाचा अभ्यास करत नाही. सर्वसाधारण वाढ कशी होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला बिघाड ओळखता येणार नाही, ही या विषयाची मूळ भूमिका आहे.

प्रत्यक्षात काय शिकवले जाते?

गर्भावस्था व शैशव, पूर्वबाल्य, मध्यबाल्य, किशोरावस्था, प्रौढत्व यांचे स्वतंत्र अभ्यासघटक, विकासाचे सिद्धान्त, शालापूर्व शिक्षणाची आखणी, दिव्यांगत्व असलेली बालके, विवाह व कुटुंबसंबंध, बालहक्क आणि कायदे, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राला घाबरून विषय टाकू नये. जे लागते ते बारावी कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही थोड्या सरावाने जमते.

सिद्धान्तांत जाँ पियाजे, लेव्ह वायगॉत्स्की, एरिक एरिक्सन, जॉन बोल्बी, मेरी एन्सवर्थ आणि युरी ब्रॉन्फेनब्रेनर ही मानसशास्त्रीय अभ्यासकांची नावे सर्वत्र भेटतात. ब्रॉन्फेनब्रेनर यांच्याविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण सोलापूरच्या विद्यार्थ्याला त्यांची मांडणी सर्वांत लवकर आपलीशी वाटते. मुलाभोवती एकाबाहेर एक अशी वर्तुळे असतात, असे त्यांनी मांडले: अगदी जवळ घर, शाळा, सवंगडी, त्याबाहेर या जागांचे एकमेकींशी असलेले संबंध, त्याहीबाहेर जेथे मूल स्वतः कधी जात नाही, पण ज्यांचा परिणाम त्याच्यावर होतो अशा जागा, आणि सर्वांत बाहेर संस्कृती, कायदे व धोरणे. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये मुलगी जात नाही. तरी तिथे आईच्या किती विड्या छाटात (नापसंत म्हणून बाजूला) निघाल्या, यावर त्या संध्याकाळी घरात बोलणे कसे होईल हे ठरते. तंबाखू नियंत्रणाचा कायदा दिल्लीत होतो आणि त्याचे पडसाद पूर्व भागातल्या स्वयंपाकघरात उमटतात. अमेरिकेत १९६५ मध्ये गरीब कुटुंबांतील लहान मुलांसाठी सुरू झालेल्या हेड स्टार्ट कार्यक्रमाच्या उभारणीत ब्रॉन्फेनब्रेनर यांचा सहभाग होता. मुलाला मदत करायची तर कुटुंबालाही सोबत घ्यावे लागते, ही त्यांची भूमिका त्या कार्यक्रमातही दिसते.

हे सगळे सिद्धान्त परदेशी आहेत. ते आपल्याकडच्या मुलांना कसे लागू पडणार?

या प्रश्नाचे उत्तर ‘लागू पडतात’ किंवा ‘पडत नाहीत’ असे एका शब्दात देणारा शिक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतो. काही मोजपट्ट्या सर्वांना समान आहेत आणि काही नाहीत, आणि कोणती कोणत्या प्रकारची हे शिकण्यातच अभ्यासाचा बराच काळ जावा.

शरीराच्या वाढीचे उदाहरण पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये जी वाढीची मानके प्रसिद्ध केली, ती ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. पुरेसे पोषण, स्तनपान आणि निरोगी परिस्थिती मिळाली तर पाच वर्षांखालील मुले सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात, असे त्यातून दिसून आले. त्यामुळे ‘आमच्याकडची मुले मुळातच किरकोळ असतात’ हे समर्थन टिकत नाही. सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल नॉर्वेत असो वा मंगळवेढ्यात, ते तीव्र कुपोषित आहे आणि त्याला तातडीने उपचार हवेत.

वर्तनाच्या बाबतीत असे सरसकट बोलता येत नाही. एन्सवर्थ यांच्या प्रसिद्ध प्रयोगात सुमारे वर्षभराच्या बालकाला अनोळखी खोलीत आईपासून थोडा वेळ दूर ठेवतात आणि आई परतल्यावर ते कसे वागते याची नोंद घेतात. जे मूल जन्मापासून आजी, आत्या, शेजारीण यांच्या कडेवर फिरले आहे, त्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आणि जे दिवसभर एकट्या आईजवळ असते त्याच्या वागण्याचा अर्थ लावताना एकच कोष्टक वापरून चालणार नाही. खुद्द एन्सवर्थ यांनी आपली सुरुवातीची निरीक्षणे १९५० च्या दशकात युगांडातील खेड्यांत, घरोघर बसून केली होती. ती घराघरांत बसण्याची शिस्त आपण त्यांच्याकडून जरूर घ्यावी.

आपल्याकडेही मोजपट्ट्या तयार झाल्या आहेत. बडोद्यात डॉ. प्रमिला फाटक यांच्या पुढाकाराने भारतीय बालकांसाठी विकासमापन श्रेणी सिद्ध झाली. जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी असलेल्या या श्रेणीत कारक (हालचालींच्या) विकासाचे ६७ आणि मानसिक विकासाचे १६३ घटक आहेत आणि ती आजही देशभर वापरली जाते.

भाषेचा मुद्दा तर सोलापूरइतका स्पष्ट महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसतो. शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी-उर्दू या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. अशा मुलाला केवळ मराठीत किती शब्द येतात हे मोजून त्याची भाषा ‘मागे’ आहे असे लिहिणे ही गंभीर चूक आहे. द्विभाषिक मुलाचा शब्दसंग्रह दोन्ही भाषा मिळून मोजावा लागतो. घरातल्या वस्तूंची नावे त्याला तेलुगूत येतात, रंग आणि आकडे मराठीत, आणि खेळातली भांडणे बहुधा दखनीत. दोन्ही भाषांत अडखळणारे मूल आणि एकाच भाषेत गप्प राहणारे मूल यांतला फरक ओळखणे, हे सोलापुरात काम करणाऱ्याला आलेच पाहिजे.

क्षेत्रकार्यात विद्यार्थ्याने नेमके काय करायचे असते?

मुख्यतः पाहायचे आणि लिहायचे. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु पहिल्या वर्षाच्या वहीत बहुधा ‘मूल खूप हट्टी होते’ असे वाक्य असते आणि ते निरीक्षण नाही, तो निवाडा आहे. ‘आईने दोनदा हाक मारली, मुलाने वर पाहिले, पण हातातली गाडी सोडली नाही, तिसऱ्या हाकेला ते रडू लागले’ हे निरीक्षण झाले. अर्थ नंतर लावायचा, शक्यतो एकाहून अधिक अर्थ लावायचे, आणि पुन्हा जाऊन त्यांतला कोणता टिकतो ते पाहायचे. या शिस्तीला पर्याय नाही, आणि ती केवळ वर्गात बसून येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. ते उरकण्यासाठी एखाद्या संस्थेतून प्रमाणपत्र आणण्याची वाट सोपी असली, तरी विद्यार्थ्याने तिकडे जाऊ नये, अशी कळकळीची विनंती आहे. सोलापूर परिसरात पाहण्यासारखे इतके आहे. विडी घरकुल आणि कुंभारी परिसरात कामगार कुटुंबांच्या मोठ्या वसाहती आहेत. कुंभारीजवळच्या रे नगर या कामगार वसाहतीतील १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये दिला गेला. शहरातल्या एका खोलीतून स्वतःच्या घरात गेलेल्या कुटुंबाला हक्काचे छप्पर मिळाले, पण मुलांची शाळा, आजीचा शेजार आणि बाईचे काम मिळण्याचे ठिकाण यांचे काय झाले, हा एखाद्या पदव्युत्तर प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

ऊसतोडीचा हंगामही असाच. साधारण दिवाळीच्या सुमारास बीड आणि इतर भागांतून टोळ्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळच्या कोप्यांत राहतात. नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळत असते आणि तिची शाळा दोन गावांत विभागली जाते. तिला ‘शाळाबाह्य’ अशी एक खूण करून रकाना भरतो. पण ती दिवसभरात काय करते, भावाला कसे झोपवते, हिशेब कसा करते, कशाला घाबरते, हे कोणी बसून लिहिले तरच तिच्यासाठी काही नीट आखता येईल.

घरात जाताना मात्र त्या घराचा इतिहास लक्षात ठेवावा. सोलापुरात ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात ब्रिटिश राजवटीत गुन्हेगार जमाती कायद्याखाली कुटुंबांना तारेच्या कुंपणात, हजेरी देत राहावे लागले होते. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी वही-पेन घेऊन दारात येणाऱ्या माणसाविषयीचा संशय एका पिढीत जात नाही. तो संशय म्हणजे असहकार नव्हे. आपण कोण, कशासाठी आलो, लिहिलेले कोण वाचणार, हे आधी सांगावे, नकार दिला तर तो मान्य करावा, आणि आईवडिलांची संमती मिळाल्यावरही मुलाची स्वतःची इच्छा विचारावी.

मुलांचे फोटो काढून प्रकल्पात लावता येतात का?

पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नयेत. बालगृहातील, पीडित किंवा कायद्याशी संघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करणे हा बालन्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे.

क्षेत्रकार्य करताना एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले तर?

लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळल्यास पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे हे पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे, आणि विद्यार्थी त्याला अपवाद नाही. आधी आपल्या मार्गदर्शक शिक्षकांना सांगावे, परंतु त्यांच्या परवानगीची वाट पाहत थांबू नये. १०९८ हा बालमदत क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो. मुलाला ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुला मदत करू शकतील अशाच माणसांना मी सांगेन’ असे म्हणावे. मुलाची उलटतपासणी करू नये. ते जेवढे सांगते तेवढे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

किशोर आणि युवक यांचा अभ्यास वेगळा का करावा लागतो?

कारण त्यांच्या वयाची रेषा कोणी कोठे ओढायची यावरच एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस या वयाला किशोरावस्था मानते. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो. बालन्याय कायदा अठरापर्यंत मूल मानतो. २०१४ चे राष्ट्रीय युवा धोरण पंधरा ते एकोणतीस या वयाला युवक म्हणते. सोळा वर्षांची मुलगी म्हणजे एकाच वेळी मूल, किशोरी आणि युवती, आणि तिच्या घरच्यांच्या लेखी कदाचित लग्नाची.

बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ नुसार मुलीचे वय अठरा आणि मुलाचे एकवीस पूर्ण असावे लागते, हे गावोगाव ठाऊक असते. तरी लग्ने होतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि त्या जोडीवर मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) मिळते; लग्न लवकर झाले की कोयता लवकर तयार होतो. शिवाय आईवडील फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न असतोच. ज्याला उचल म्हणजे काय हे माहीत नाही, त्याने बालविवाहाविरुद्ध कितीही घोषवाक्ये रंगवली तरी त्या आईच्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते. हंगामी वसतिगृहाची मागणी करणारा विद्यार्थी तिला अधिक उपयोगाचा आहे.

मुलग्यांच्या किशोरावस्थेकडे तर आपण फारसे पाहतच नाही. बारावीनंतर पुण्याला नोकरीसाठी गेलेला, एका खोलीत सहा जणांबरोबर राहणारा एकोणीस वर्षांचा मुलगा कोणाच्याच अभ्यासाचा विषय होत नाही. तो व्हायला हवा.

सोलापुरात राहून हे शिक्षण घेता येईल का?

काही प्रमाणात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या उच्च माध्यमिक स्तरावर बालविकास हा विषय आहे. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयात तो आहे का ते पाहावे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा गृहविज्ञान यांतील पदवी घेऊन पुढे मानव विकासाकडे वळण्याचा मार्ग अनेकांना घरच्या परिस्थितीमुळे सोयीचा पडतो, आणि तो कमी दर्जाचा मुळीच नाही.

बाहेर जायचे ठरले तर सर्वांत जवळ तुळजापूर आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तेथील ग्रामीण संकुल १९८६ पासून चालू आहे. त्याचा भर ग्रामविकास व समाजकार्य यांवर आहे. कुटुंब व बालक यांवर केंद्रित समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण त्याच संस्थेच्या मुंबई संकुलात मिळते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असून तेथे मानव विकास व कुटुंब अभ्यास हा विभाग आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठाची गृहविज्ञान महाविद्यालये पुण्यात आणि मुंबईत आहेत. राज्याबाहेर बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ या विषयासाठी अनेक दशकांपासून नावाजलेले आहे.

दूरस्थ पद्धतीने शिकता येईल का?

अर्ज भरण्यापूर्वी नीट चौकशी करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्रासह आरोग्याशी संबंधित विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे. त्यामुळे जुन्या जाहिरातींवर विसंबू नये. माझे स्वतःचे मत असे की मुलांसोबत काम करण्याचे शिक्षण मुलांपासून दूर राहून पुरे होत नाही.

नोकरी कोठे मिळते?

जिल्हा परिषदांच्या भरतीत अंगणवाडी पर्यवेक्षिका हे महिलांसाठीचे पद असते. त्यासाठी समाजशास्त्र, गृहविज्ञान, शिक्षण, बालविकास, पोषण अशा विषयांतील पदवीला प्राधान्य आहे. बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरले जाते. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालगृहे, दत्तकविधान संस्था, विशेष शाळा, बालवाड्या आणि स्वयंसेवी संस्था येथेही संधी असतात, परंतु यांतील बऱ्याच जागा कंत्राटी आणि मानधनावरच्या आहेत. हे लपवून विद्यार्थ्याला प्रवेश घ्यायला लावू नये. अध्यापनाकडे जायचे असल्यास नेट परीक्षा गृहविज्ञान विषयात देता येते.

कायद्याने या पदवीला जे स्थान दिले आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. प्रत्येक जिल्ह्यातील बाल कल्याण समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. बेवारस, अत्याचारग्रस्त किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाने कोठे राहावे हे ती समिती ठरवते. सदस्यांच्या पात्रतेत बालन्याय कायदा इतर विषयांबरोबर मानव विकासातील पदवीचा नावानिशी उल्लेख करतो. आपल्या जिल्ह्याला या कामाची जुनी परंपराही आहे: पंढरपुरात १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने सोडून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम सुरू झाला, तोच आजचा नवरंगे बालकाश्रम.

पदवी मिळाल्यावर समुपदेशक म्हणून पाटी लावता येते का?

थेट लावू नये. पालकांना मार्गदर्शन, शाळेतील समुपदेशन साहाय्य, कौटुंबिक न्यायालयाशी किंवा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधाशी संबंधित काम यांसाठी ही पदवी पाया ठरते, पण प्रत्येकासाठी पुढील प्रशिक्षण आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केलेले काम लागते. विशेष शिक्षक किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आवश्यक आहे. मुलाला स्वमग्नता आहे की नाही, असे निदान मानव विकासाच्या पदवीधराने लिहून देऊ नये. शंका आल्यास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे. लवकर शंका येणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे, हेच त्याचे मोलाचे काम आहे.

मी अंगणवाडी सेविका आहे. या वयात पदवी घेऊन उपयोग होईल का?

होईल. सेविकांमधून पर्यवेक्षिका पदावर जाण्याची तरतूद आहे आणि त्यासाठी शिक्षण मोजले जाते. त्याहून महत्त्वाचे असे की, वर्षानुवर्षे तुम्ही ज्या मुलांचे वजन-उंची नोंदवली, ज्यांच्या घरी गेलात, त्यांच्याविषयी तुमच्याजवळ जे ज्ञान आहे ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते शास्त्रीय भाषेत मांडायला शिकलात तर तुमचे म्हणणे बैठकीत ऐकून घ्यावे लागेल. वर्गात तुमच्याशेजारी बसणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलींनाही त्याचा लाभ होईल.

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयाला काय विचारावे?

क्षेत्रकार्याचे तास किती आणि ते कोणत्या संस्थांत होते; विभागाची स्वतःची बालवाडी किंवा प्रयोगशाळा-शाळा आहे का; विषय शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक किती; उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते का आणि मराठी संदर्भपुस्तके ग्रंथालयात आहेत का; गेल्या दोन-तीन वर्षांतले विद्यार्थी सध्या काय करतात. शक्य असल्यास प्रवेशापूर्वी त्या बालवाडीत एक सकाळ बसून यावे. शिक्षिका मुलांशी बोलताना खाली बसते की उभ्यानेच सूचना देते, एवढे पाहिले तरी त्या विभागात काय शिकवले जाते याचा बराच अंदाज येतो.